सायक्लेमेन बियांपासून: अंधार, थंडावा आणि पहिल्या वर्षाची राखण

रानजाई

सायक्लेमेन या कंदातून वाढणाऱ्या फुलझाडाबद्दल जे प्रश्न विचारले जातात ते बहुतेक आयत्या फुललेल्या कुंडीबद्दल असतात. पानं पिवळी का पडली, कंद मऊ का झाला, फुलं संपल्यावर काय करायचं. बियांपासून रोप करण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, आणि जे लिहिलेलं सापडतं त्यात "अवघड आहे" एवढंच असतं. माझं मत उलटं आहे. हे अवघड नाही, सावकाश आहे. ज्यांनी बी पेरून "उगवलंच नाही" म्हणून माती ओतून दिली, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या मातीत त्या वेळी कंद तयार होत असणार, अशी माझी पक्की समजूत आहे. म्हणून हा धागा काढतेय.

आधी बीच का, ते सांगते. निशिगंधाच्या किंवा ट्यूलिपच्या कंदाला बाजूला पिल्लं फुटतात, आपण ती सोडवून लावतो. सायक्लेमेनचा कंद पिल्लं देत नाही. तो एकटाच वर्षानुवर्षं रुंद होत जातो. हेडेरिफोलियम जातीचा जुना कंद २५ सेंटिमीटरपर्यंत रुंद झालेला असू शकतो, तरी तो एकच. कापून तुकडे करता येतात, पण कापलेल्या जागी कूज लागायची भीती फार. त्यामुळे रानात काय आणि बागेत काय, नवं रोप येतं ते बियांतून.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत तुर्कस्तानातल्या डोंगरांवरून रानटी सायक्लेमेनचे कंद मोठ्या प्रमाणावर खणून परदेशी विकले गेले. आता ही सगळी प्रजाती साइट्स या, धोक्यातल्या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे रानटी कंदांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. बियांना त्यातून सूट आहे. एक बी पेरून कंद तयार होत असेल तर डोंगरावरचा कंद उपटायचं काही कारणच उरत नाही.

प्रजातीत वीसहून थोड्या अधिक जाती आहेत. भूमध्य समुद्राच्या भोवतालचा प्रदेश, पूर्वेला इराणपर्यंत, आणि एक जात थेट सोमालियात. तिचं शास्त्रीय वर्णन १९८९ मध्ये झालं. घरात कुंडीत असतं ते पर्सिकम. कडक थंडीत उघड्यावर जमिनीत लावतात ती मुख्यतः हेडेरिफोलियम आणि कौम. पेरणी सगळ्यांची जवळपास सारखी, पुढचं वेळापत्रक वेगवेगळं.

आता पेरणी. पर्सिकमचं बी दोन-तीन मिलिमीटरचं, तपकिरी, कोनाकोनाचं असतं. पाकिटातलं वाळलेलं बी असेल तर कोमट पाण्यात एक दिवस भिजवा. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब त्यात टाकला तर चालतो. बियांवर एक चिकट गोडसर थर असतो, तो सुटून जातो आणि नंतर बुरशी कमी धरते. मधे एकदोनदा पाणी बदला. ताजं, बोंडातून नुकतं काढलेलं बी असेल तर भिजवायची गरज नाही, तसंच पेरा.

मिश्रण हलकं हवं. चाळलेली पानमाती किंवा कोकोपीट एक भाग आणि जाड वाळू किंवा पर्लाईट एक भाग. मूठ दाबली तर गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा. शेणखत, गांडूळखत या टप्प्यावर नको. कुंडी सात ते नऊ सेंटिमीटर खोल पुरते. मिश्रण आधीच ओलं करून घ्या, बिया दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर ठेवा, वर पाच-सहा मिलिमीटरचा थर द्या.

आणि मग अंधार. पूर्ण अंधार. या बियांची उगवण उजेडाने अडते. मूळ प्रदेशाचा विचार केला की कारण पटतं. तिथला उन्हाळा कोरडा आणि कडक. बी पाचोळ्याखाली किंवा खडकाच्या फटीत पडलेलं असतं, आणि पाऊस-गारवा आला की उगवतं. उघड्यावर, तापलेल्या मातीत उगवलेलं रोप दोन दिवसांत वाळून गेलं असतं. म्हणून बी उजेड आणि उष्णता, दोन्ही टाळतं. कुंडीवर काळं प्लास्टिक घाला, नाहीतर सरळ बंद कपाटात ठेवा.

तापमान १५ ते १८ अंश सेल्सियस. २० च्या वर गेलं की उगवण मंदावते, आणखी वर गेलं की जवळजवळ थांबते. मला विचाराल तर लोकांचं पर्सिकम उगवत नाही त्याचं पहिलं कारण हेच. आपण "बी उगवायला ऊब लागते" असं धरून चालतो. टोमॅटो-मिरचीला ते लागू आहे, इथे नाही.

सगळं जमलं तर पर्सिकमचं पहिलं पान चार ते सहा आठवड्यांत वर येतं. हेडेरिफोलियम आणि कौम एक ते तीन महिने घेतात, आणि जुनं बी असेल तर सरळ पुढच्या थंडीपर्यंत थांबतात. पर्प्युरासेन्स ही आणखी एक जात, ती त्याहून सावकाश.

ज्यांनी केलंय त्यांनी भर घाला, ज्यांना करायचंय त्यांनी विचारा.

पाचोळा

वा, फार दिवसांनी या विषयावर कुणी लिहिलं. वाचनखूण साठवली.

एक शंका. पिटुनिया, बेगोनिया यांचं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि उजेडात ठेवायचं हे डोक्यात पक्कं बसलंय. सायक्लेमेन त्याच्या बरोबर उलट. मग झाकून ठेवलेल्या कुंडीत काय चाललंय ते कळणार कसं? झाकण उघडून बघितलं तर तेवढ्या उजेडानेही बिघडतं का?

रानजाई

नाही बिघडत. आठवड्यातून एकदा उघडून बघा, ओल तपासा, लगेच झाका. अडतं ते सततच्या उजेडाने. खरं तर उघडून बघायलाच हवं, कारण रोप वर आल्यावर अंधारात राहिलं तर देठ लांब आणि पांढरे पडतात आणि नंतर सरळ होत नाहीत. पहिलं रोप दिसलं की झाकण काढा. बाकीच्या बिया मागून येतील, त्यांच्यावर मातीचा थर आहेच.

मृण्मय

रानजाई ताई, अगदी वेळेवर आलात. मी पर्सिकम पेरून बरेच दिवस झाले, पाकिटावर दिलेली मुदत केव्हाच उलटली. झाकून ठेवलंय, ओल आहे, पण खोलीचं तापमान २६-२७ अंश असतं. मातीवर काहीच नाही. फेकून द्यावं का? घरचे रोज विचारतात की ही रिकामी कुंडी कपाटात का ठेवली आहे.

ओलीमाती

मृण्मय, फेकू नका. त्या तापमानाला बी मेलेलं नसतं, अडून बसलेलं असतं. खात्री करायची तर कोपऱ्यातलं एक बी हळूच उकरा आणि दोन बोटांत दाबा. टणक लागलं तर जिवंत आहे. बोटाखाली लिबलिबीत झालं आणि वास आला तर गेलं. टणक असेल तर कुंडी घरातल्या सगळ्यात गार जागी हलवा. बहुतेक घरांत ती जमिनीलगतची, बाहेरच्या भिंतीला न लागलेली जागा असते. फ्रिजमध्ये मात्र नको. चार-पाच अंशांना सगळंच थबकतं.

तशी जागा नसेल तर कुंडी जराशी ओलसर ठेवा आणि रात्री गार व्हायला लागेपर्यंत थांबा. पेरणीचा महिना कॅलेंडरवर शोधू नये, थर्मामीटरवर शोधावा असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रीचं तापमान सलग १८ च्या खाली यायला लागलं की पेरा, मग तुम्ही कुठेही राहत असा.

रानजाई, तुमच्या मिश्रणात एक भर घालतो. बिया झाकायला वर मातीऐवजी बारीक खडी किंवा जाड वाळू वापरून बघा. पेरलेली कुंडी महिनोन्महिने ओली राहते, त्यामुळे वर शेवाळ धरतं आणि बुरशीमाश्या अंडी घालतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. वर खडीचा थर असला की दोन्हीला आळा बसतो, आणि रोपाचा मानेजवळचा भाग कोरडा राहतो. फक्त थर नीट पाच-सहा मिलिमीटरचा द्या. पातळ झाला तर फटींतून उजेड जातो.

रानजाई

खडीचं अगदी बरोबर काका. हेडेरिफोलियम-कौमसारख्या कुंडीतच वर्षभर राहणाऱ्या जातींना तर ती हवीच.

चाफेकळी

माझा प्रश्न एक पायरी आधीचा. माझ्याकडे दुकानातून आणलेलं गुलाबी पर्सिकम आहे, भरपूर फुलतं. त्याचंच बी धरता येईल का? फुलं गळून जातात, बोंड धरतच नाही.

ओलीमाती

धरेल, पण घरात मधमाशी येत नाही, म्हणून ते काम तुम्हाला करावं लागेल. या फुलाचे परागकोश एकमेकांना चिकटून मधे निमुळता सुळका करतात आणि स्त्रीकेसराचं टोक त्या सुळक्यातून जेमतेम बाहेर डोकावतं. मोठ्या माश्या फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून घेतात. आपण तेच करायचं. फूल उमलून तीन-चार दिवस झाले की कोरड्या दिवशी, दुपारच्या सुमारास, अंगठ्याचं नख फुलाखाली धरा आणि देठाला बोटाने टिचकी मारा. नखावर फिकट पिवळी पूड पडलेली दिसेल. दिसली नाही तर फूल अजून तयार नाही, दुसऱ्या दिवशी बघा. पूड पडली की दुसऱ्या रोपाच्या फुलाचं ते बाहेर आलेलं टोक तिच्यात टेकवा. एवढंच.

दुसरं रोप म्हणालो ते मुद्दाम. त्याच रोपाचा पराग त्यालाच लावला तरी बी धरतं, पण बिया कमी भरतात आणि रोपं अशक्त निघतात. दोन वेगळ्या कुंड्यांमध्ये केलंत तर फरक डोळ्यांना दिसतो. रंग वेगळे असले तरी हरकत नाही. दुकानातली मोठी, लहान, झालरवाली, सगळी एकाच पर्सिकम जातीची आहेत. मात्र पर्सिकम आणि कौम असा संकर होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

फळ धरलं की पाकळ्या गळतात आणि देठ खाली झुकायला लागतो. बाकीच्या बहुतेक जातींत तो वेटोळी घेत बोंड मातीपाशी नेतो. पर्सिकम वेटोळी घेत नाही, नुसता लांब होऊन वाकतो. म्हणून देठ वाकला म्हणजे सुकला असं समजून खुडू नका. तीन-चार महिने लागतात. बोंड दाबून मऊ लागलं, की फुटायच्या आत काढा.

पाचोळा

फुटायच्या आतच का? सुटून कुंडीत पडल्या तर तिथेच उगवतील की.

ओलीमाती

घरात उगवतील. बाहेर मुंग्या नेतात. तो गोड थर त्यांच्यासाठीच असतो. मुंग्या बी वारुळाकडे नेतात, गोड थर खातात आणि बी टाकून देतात. रानात रोप आईच्या कंदापासून लांब जातं ते असं. हेडेरिफोलियमची रोपं दगडी भिंतीच्या सांध्यात उगवलेली दिसतात, तिथे त्यांना दुसरं कुणी नेलेलं नसतं.

चाफेकळी

काका, टिचकीचा प्रयोग लगेच केला. पूड पडली! अगदी बारीक, पण नखावर नीट दिसली. आईसारखीच गुलाबी फुलं येतील ना?

रानजाई

सांगता येत नाही. दुकानातली बहुतेक एफ१ संकरित, म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी असतात, त्यांच्या पुढच्या पिढीत रंग, आकार, पानावरची नक्षी सगळं विखुरतं. माझ्या दृष्टीने हीच खरी मजा आहे. एकाच बोंडातल्या रोपांची पानं शेजारी ठेवून बघा, एकावर चंदेरी कडा, एकावर मधोमध हिरवा डाग, एक जवळजवळ साधं. फूल यायच्या कितीतरी आधी पानच ओळख सांगायला लागतं. आणि बारीक फुलांच्या रोपांना कधी कधी छान वास असतो. मोठ्या फुलांची निवड करत करत माळ्यांनी पर्सिकमचा वास जवळजवळ घालवला. बियांच्या गर्दीत वासाचं एखादं निघालं तर ते जपून ठेवा आणि पुढचं बी त्याचंच धरा.

अगदी आईसारखं हवं असेल तर रानटी जाती बऱ्या. कौमचं, हेडेरिफोलियमचं बी पुष्कळसं मूळ वळणावर जातं.

मृण्मय

कुंडी खालच्या गार खोलीत हलवली होती. आज उघडून बघितलं तर तीन ठिकाणी जांभळट देठाचा वाकलेला आकडा वर आलाय! एकाला छोटं पान सुटलंय. पण एकच पान आहे. बाकी रोपांना दोन असतात ना? हे अर्धवट उगवलंय का? आणि दुसऱ्याच्या पानाला बियाचं टरफल चिकटून बसलंय, ओढून काढू का?

रानजाई

मृण्मय, अभिनंदन! अगदी मनापासून आनंद झाला.

एकच पान बरोबर आहे. सायक्लेमेन द्विदल वर्गातलं असूनही मातीवर एकच बीजपत्र येतं, आणि तेही पुढच्या पानांसारखंच दिसतं. दुसरं फार उशिरा वाढतं. चार्ल्स डार्विनने १८८० मध्ये पर्सिकमच्या रोपाबद्दल हे लिहून ठेवलंय. त्याने आणखी एक गोष्ट टिपली, तिच्यासाठी मी हा धागा काढला असं म्हटलं तरी चालेल. पहिलं पान मिटलेल्या अवस्थेत, देठाची कमान करून माती फोडतं, त्याच्या आधीच खाली खोडाचा भाग फुगून गोल कंद झालेला असतो. म्हणजे तुम्हाला जेव्हा कुंडी रिकामी दिसत होती, तेव्हा खाली हे चाललं होतं. आधी मूळ, मग कंद, आणि पान शेवटी.

या वयाचं रोप कधी चुकून उपटलं गेलं तर फेकायच्या आत नीट बघा. ज्वारीच्या दाण्याएवढा फिकट कंद, खालून पांढरी केसासारखी मुळं, वरून एकच लालसर देठ. ते तसंच पुन्हा लावलं तर जगतं.

टरफल ओढू नका. ओढलं तर पान तुटतं, आणि त्या एका पानावर सगळा संसार आहे. त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा, तासाभराने टरफल मऊ पडेल. मग कापसाच्या ओल्या बोळ्याने हलकेच सरकवून बघा. नाही सुटलं तर उद्या. बहुतेक वेळा पानच ते ढकलून देतं.

मृण्मय

खूप आभार ताई. झाकण काढलं. आता पाणी आणि ऊन किती?

रानजाई

उजेड भरपूर, थेट कडक ऊन नको. पाणी खालून द्या: कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा, वरची वाळू ओली दिसली की उचला, निथळू द्या. वरून ओतलेलं पाणी कंदाच्या डोक्यावर साचतं आणि कूज तिथूनच सुरू होते. तिसरं पान आलं की निम्म्या ताकदीचं द्रवखत, नत्र कमी आणि पालाश जास्त असलेलं. नत्र जास्त झालं तर पानं मोठी आणि लुसलुशीत होतात, आणि करडी बुरशी अशाच पानांवर बसते.

शिशिर_पान

मी गेली काही वर्षं हेडेरिफोलियम आणि कौम करतोय, म्हणून एक वेगळा मुद्दा मांडतो. सायक्लेमेनला सुप्तावस्था लागते. मोठ्या कंदाला पानं पिवळी पडल्यावर आपण पाणी तोडतो. मग पहिल्या वर्षाच्या रोपांनाही तशीच विश्रांती द्यावी असं माझं मत आहे. ऋतूचं चक्र पहिल्यापासून बसतं. कोरडा कंद कुजतही नाही.

रानजाई

इथे मी ठामपणे असहमत आहे. मोठ्या कंदात कित्येक महिन्यांचं पाणी आणि पिष्ट साठवलेलं असतं, त्याला कोरडं राहणं परवडतं. पहिल्या वर्षाचा कंद पाच-सात मिलिमीटरचा. तो पूर्ण कोरडा केला तर सुरकुततो, आणि थंडी आली तरी बरेचसे उठतच नाहीत. पहिल्या वर्षी एकच धोरण: पान हिरवं आहे तोवर पाणी चालू. रोप जितके महिने वाढत राहील तितका कंद मोठा, आणि जितका मोठा कंद तितकं फूल लवकर. पर्सिकमची शेती करणारे पहिल्या उन्हाळ्यात विश्रांती देतच नाहीत, सावलीत आणि गारव्यात सलग वाढवतात. म्हणूनच त्यांच्या लहान फुलांच्या वाणांना आठ-दहा महिन्यांत कळ्या येतात.

हेडेरिफोलियम-कौमची पानं आपणहून पिवळी पडली तर जबरदस्तीने जागं ठेवायचं नाही, हे मान्य. पण तेव्हाही कुंडी खडखडीत वाळू देऊ नका. सावलीत ठेवा, दहा-बारा दिवसांनी तळाशी थोडी ओल लागेल एवढं पाणी द्या.

ओलीमाती

मी रानजाईंच्या बाजूने. त्यात पर्प्युरासेन्स वेगळी धरा. ती आल्प्सच्या आसपासच्या जंगलातली, जवळजवळ वर्षभर पानं ठेवणारी. तिला पहिल्या वर्षीच काय, कधीच पूर्ण कोरडं करायचं नाही. उलट ग्रेकमसारख्या जातीचा मोठा कंद उन्हाळ्यात तापलेला आणि कोरडाच राहिलेला बरा, तरच फुलं येतात. "सायक्लेमेनला हे लागतं" असं एका वाक्यात सांगता येत नाही, आधी जात विचारावी.

शिशिर_पान

सुरकुतलेल्या कंदांचं वर्णन मी पाहिलेल्याशी जुळतंय. या वेळी पेरलेल्यांपैकी अर्ध्या कुंड्या ओलसर ठेवतो, अर्ध्या कोरड्या, आणि दोन्हींचे कंद मोजून इथे लिहितो.

रोपं वेगळी कधी करता? माझ्या कुंडीत दाटी झालीये, पण मुळं दुखावतील म्हणून हात लावला नाही.

रानजाई

हेडेरिफोलियम आणि कौम दाटीत बरी वाढतात, त्यांना वर्षभर तरी हलवू नका. पानं गेल्यावर कंद चाळून काढायचे आणि मोठ्या कुंडीत लावायचे. पर्सिकमला मात्र दोन-तीन पानं आली की वेगळं करा, मातीच्या गोळ्यासकट.

मोजणीची वाट बघते. अगदी मनापासून.

ओलीमाती

लावताना खोलीकडे लक्ष द्या. पर्सिकमच्या कंदाचा वरचा निम्मा भाग मातीबाहेर राहिला पाहिजे. हेडेरिफोलियम आणि कौम मात्र दोन-तीन सेंटिमीटर मातीखाली. आणि कंद उलटा लागला नाही ना ते बघा. पर्सिकम आणि कौमला मुळं तळातून फुटतात, ते सोपं आहे. हेडेरिफोलियमला मुळं वरच्या अंगातून आणि बाजूंनी फुटतात, तळ गुळगुळीत असतो. वाळलेला कंद हातात आला की माणूस मुळांच्या खुणा बघून ती बाजू खाली करतो आणि नेमका उलटा लावतो. गोल गुळगुळीत बाजू खाली, चपटी खडबडीत बाजू वर. बियांपासून केलं की हा प्रश्न येतच नाही, कारण रोप स्वतःच नीट बसलेलं असतं.

एक आणखी. जमिनीत लावणार असाल तर हेडेरिफोलियम आणि कौम शेजारी लावू नका. हेडेरिफोलियमची पानं इतकी दाट पसरतात की कौम खाली दबून जाते.

पाचोळा

बुरशीचं विचारायचं होतं. एका ओळखीच्यांच्या मोठ्या कुंडीत एका बाजूची पानं पिवळी पडत गेली आणि मग सगळं कोसळलं. कंद वरून टणकच होता.

ओलीमाती

कंद कापून बघायला सांगा. आत तपकिरी-लालसर ठिपके किंवा वर्तुळ दिसलं तर फ्युजेरियम या बुरशीची मर असण्याची शक्यता जास्त. त्याला घरगुती उपाय नाही. कंद, माती दोन्ही टाकून द्यायचं, कुंडी उकळत्या पाण्याने धुवायची, आणि ती माती दुसऱ्या कुठल्याही सायक्लेमेनला वापरायची नाही. कंद मऊ होऊन घाण वास आला तर ती जिवाणूंची कूज, बहुतेक जास्त पाणी आणि उष्णतेमुळे.

करडी बुरशी वेगळी. ती सुकलेल्या देठांच्या बुंध्यावर बसते. म्हणून जुनं पान किंवा फूल कात्रीने कापू नये. देठ बुंध्याशी धरून पिळा आणि झटक्याने ओढा, मुळापासून सुटतो. अर्धा देठ मागे राहिला तर तो कुजतो आणि कूज कंदात उतरते. पहिल्या वर्षाच्या रोपाला मात्र झटका देऊ नका, सगळा कंदच वर येईल. त्याचं वाळलेलं पान आपण होऊन सुटेपर्यंत थांबा.

चाफेकळी

घरात मांजर आहे. कुंडी खाली ठेवली तर चालेल?

रानजाई

नको. कंदात सॅपोनिन असतात, मांजर आणि कुत्रा दोघांनाही विषारी. पानं-फुलंही खाऊ देऊ नका, पण सगळ्यात जास्त विष कंदात. पर्सिकमचा कंद अर्धा उघडाच असतो, तेव्हा कुंडी मांजर पोचणार नाही अशा जागी. कंद चावलेला दिसला तर थेट पशुवैद्याकडे न्या.

मृण्मय

आणखी रोपं आली ताई, टरफलही गळून पडलं. आता साधा प्रश्न: फूल कधी?

रानजाई

घरच्या परिस्थितीत पर्सिकमला एक ते दीड वर्ष धरा. कौम, हेडेरिफोलियम दोन ते चार वर्षं. कळ्या आल्या की रात्री १० ते १५ अंशांचा गारवा मिळेल अशी जागा द्या. उबदार खोलीत कळ्या पानांखालीच पिवळ्या पडतात.

आणि मृण्मय, उगवली नाहीत त्या बियांची जागा उकरू नका. मागे राहिलेली रोपं कितीतरी आठवड्यांनी येतात. वर आलेल्यांना पाणी देत राहा, तेवढ्या ओलीवर ती येतील.